गुणाजीची बर्फाची पेटी

गुणाजी घरतबद्दल काही सांगायचं तर आधी एक कबूल करायला हवं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हैबतरावांना हा माणूस फारसा ठाऊक नव्हता. दीड-दोन वर्षं तो त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहत होता, पण त्याच्या घरात कोण कोण आहे, त्याला काय आवडतं, तो कशाला भितो, यातलं काही त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि हैबतराव पडले मुलखाचे मुखदुर्बळ. तेव्हा इथं जे येईल ते वरवरचं असेल, काही चुकीचंही असेल.

गुणाजी पेणच्या एका खासगी इस्पितळात वॉर्डबॉय होता. धरमतरच्या खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या गावातला. तरुणपणी त्यानं डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. त्यामुळं त्याची मान अशी ताठ झाली होती की एसटीत झोप लागली तरी ती शेजाऱ्याच्या खांद्यावर पडायची नाही. बोलायला तिखट, पण हसरा. नर्सबायांना तो नावं ठेवायचा आणि त्या त्याला चहा द्यायच्या.

ऑपरेशनमध्ये रोग्याच्या अंगातून काढलेला मांसाचा तुकडा तपासणीसाठी रोह्याला पोचवणं हे त्याचं एक काम होतं. रोह्यात एका ट्रस्टच्या दवाखान्याची प्रयोगशाळा होती. हैबतराव तिथं टेक्निशियन. आलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे. मग डॉक्टर वैशाली टिपणीस ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सांगायच्या, कॅन्सर आहे की नाही. पुढचं ऑपरेशन करायचं की नाही, ते पेणचे सर्जन या उत्तरावर ठरवायचे.

पंच्याण्णव साली टिपणीसबाईंनी मुंबईच्या एका संस्थेबरोबर एक अभ्यास सुरू केला. शरीरात चरबी वाहून नेणारं एक प्रथिन असतं. ते निरोगी मांसात किती दिसतं आणि कॅन्सरच्या गाठीत किती, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी प्रत्येक बाईच्या छातीतले दोन तुकडे लागत, एक गाठीचा आणि एक तिच्या शेजारच्या चांगल्या मांसाचा. गाठीच्या बाटलीला लाल दोरा, चांगल्याच्या बाटलीला पांढरा. एरवी तुकडा पेणलाच फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे मांस टिकवणाऱ्या द्रावणात, बुडवून यायचा. या अभ्यासाला तो ताजा हवा होता. म्हणून बाटल्या थर्मोकोलच्या पेटीत बर्फावर यायच्या, आणि फॉर्मेलिनचं काम रोह्यात आल्यावर हैबतराव करायचे.

गुणाजीला नुसती पेटी वाहून समाधान नव्हतं. आत काय चाललंय ते त्यानं एकदा बाईंनाच विचारलं.

"चरबी आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, बरोबर?" बाई म्हणाल्या. "आणि रक्तात तर सगळं पाणीच. मग चरबीला इथून तिथं उचलून न्यायला कुणीतरी लागतो. हे प्रथिन म्हणजे तो हमाल."

"मंग मुकादम कोण?"

"तेच शोधतेय. निरोगी मांसात हा हमाल थोडा असतो. पाण्यानं भरलेल्या साध्या गाठीत ढिगानं. कॅन्सरच्या काही गाठींत असतो, काहींत औषधालाही सापडत नाही. का, ते कुणालाच नीट ठाऊक नाही."

"म्हंजी हमाल दिसला तरी पंचाईत, नाय दिसला तरी पंचाईत."

"आत्ता तरी तसंच आहे."

"मिठागरावर पन तसंच असतं, बाई. मानसं जास्त दिसली म्हंजी काम जास्त, असं नाय. कधी कधी ते मुकादमाचे पावनेच असतात."

बाई हसल्या. हैबतराव खाली बघून हसले.

त्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला वडखळला रस्त्यात ट्रक आडवा पडला आणि एसटी तिथंच अडकली. गुणाजी पोचला तेव्हा पेटीत नुसतं कोमट पाणी होतं. ज्या बाईचा तुकडा होता तिचं निदान कसंबसं झालं, पण प्रथिनाची जोडी वाया गेली. टिपणीसबाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गुणाजी, बर्फ वितळता कामा नये. काय हवं ते करा, पण वितळता कामा नये." गुणाजीनं मान हलवली. तेव्हापासून तो पेटीला गोणपाट गुंडाळून आणायला लागला.

शहाण्णवच्या मे महिन्यात एका दुपारी तो आला. एसटी त्या दिवशीही उशिरा आली होती. सगळ्या अंगाला घाम, सदरा पाठीला चिकटलेला, पण चेहऱ्यावर हसू.

"बघा भाऊ. झाकन काढा आनि बघा. बर्फ जरा तरी वितळलाय का."

हैबतरावांनी झाकण काढलं. तळाला थोडंसं पाणी होतं, बाकी बर्फ खरोखरच टिकला होता. बर्फाचा एकच दगड झाला होता आणि बाटल्या त्यात रुतून बसल्या होत्या. बाहेर काढताना बोटांना चटका बसला. लाल दोऱ्याच्या बाटलीवर नाव होतं, बायजाबाई. त्यांनी ती वाकडी केली. तुकडा काचेवर टणकन वाजला.

मांस वाजत नाही. इतक्या वर्षांत त्यांनी असा आवाज ऐकला नव्हता.

पेटीच्या कडेला पांढरे जाडे खडे चिकटले होते. हैबतरावांनी एक बोटांत चुरला. त्यांच्या घरी उन्हाळ्यात आइस्क्रीमचं पॉट फिरवायचे, तेव्हा बर्फावर हेच टाकायचे. नुसत्या बर्फानं दूध गोठत नाही. मीठ पडलं की गोठतं.

"मीठ घातलंस?"

"व्हय. घरचंच हाय. धक्क्यावर म्हावरा, मासली ठेवतात त्या बर्फात मारतात तसं. मंग बर्फ कसा राहतो बघा."

"आधी कधी घातलं होतंस?"

"नाय. आज बायचं होतं ना."

बाय म्हणजे त्याची थोरली बहीण. बायजाबाई. आई लवकर गेली तेव्हा हिनंच गुणाजीला वाढवलं, मिठाच्या पाट्या वाहून. तिच्या छातीत दिवाळीच्या आधीपासून गाठ होती आणि तिनं ती कुणाला कळू दिली नव्हती. कळल्यावर गुणाजी तिच्या ओट्यावर जाऊन बसला होता. ती सुरी लावून घ्यायला तयार नव्हती. शेवटी त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, एकदाच. एकदाच बारीक चीर देऊन तुकडा काढतील, मग काय ते कळेल. एवढ्यावर ती इस्पितळात आली. हे सगळं त्यानं त्या दुपारी हैबतरावांना उभ्या उभ्या सांगितलं, आणि एवढं बोलणं त्यांच्यात त्याआधी झालं नव्हतं.

हैबतरावांनी त्याला माठातलं पाणी दिलं आणि कामाला लागले.

फ्रीजमध्ये गोठलेला टोमॅटो बाहेर काढला की त्याचं काय होतं ते कुणालाही ठाऊक आहे. आतल्या पाण्याच्या सुया होतात आणि त्या सगळं फोडून टाकतात. मांसही शेवटी पाण्याच्या बारीक बारीक पिशव्यांचंच असतं. तरी मधला भाग वाचला असेल, अशी आशा हैबतरावांनी धरली. काप काढताना ते भुसभुशीत सुटत होते. त्यांनी नवं पातं लावलं. तसेच सुटले.

टिपणीसबाईंनी लाल दोऱ्याची काच पाहिली. मान वर न करता म्हणाल्या, "पांढरी द्या." पांढरीही पाहिली. मग दोन्ही पुन्हा.

"हैबतराव, चांगल्या मांसालाही तशीच भोकं आहेत. चाळण झालीय नुसती. हे रोगाचं काम नाही. वाटेत काय झालं?"

हैबतरावांनी मीठ म्हटलं. बाईंनी चष्मा काढून डोळे मिटले.

रिपोर्टसाठी गुणाजी स्वतः आला. बाईंनी त्याला स्टुलावर बसवलं आणि सरळ सांगितलं. तुकडा गोठला, पेशी फुटल्या, काही वाचता येत नाही. सर्जनना कळवलंय. पुन्हा तुकडा काढावा लागेल.

गुणाजी स्टुलावरून उठला.

"तुमचा तो हमाल तरी बघा, बाई. तो दिसत असल ना."

"तो बघून निदान होत नाही. मी मागंच सांगितलं होतं."

"तरी बघा."

बाईंनी हैबतरावांना खूण केली. त्या प्रथिनासाठी मुंबईहून आलेलं औषध फार जपून वापरायचं असे. ते लावलं की जिथं प्रथिन असेल तिथं तपकिरी रंग चढतो. हैबतरावांनी दोन्ही काचा केल्या आणि दुसऱ्या दिवशी बाईंसमोर ठेवल्या. गुणाजी रात्री रोह्यातच कुणाकडं तरी राहिला होता. सकाळी दारात हजर.

"या, बघा," बाई म्हणाल्या.

त्यानं एक डोळा मिटून भिंगातून पाहिलं. "सगळंच तपकिरी हाय."

"हो. पेशी फुटल्या, आतला माल बाहेर सांडला. आता कोण कुठला ते कळत नाही. पांढऱ्या दोऱ्याची काचही अशीच आहे."

"मंग असं करा. कायच नाय, असं लिहून द्या. ती एकदा कापून घेतलेली बाई हाय, परत यायची नाय. निदान तिचा जीव तरी घाबरा व्हायला नको."

"आणि असलं तर?"

गुणाजीनं भिंगावरून मान फिरवली.

"गुणाजी, गाठ हाताला कशी लागते ते सर्जननी मला फोनवर सांगितलंय. मी असं काही लिहिणार नाही. आणि तिला फार थांबवूही नका."

बाहेर आल्यावर गुणाजीनं हैबतरावांचा हात धरला. "भाऊ, तुमी चला माझ्याबरोबर. तुमचं ती ऐकल. मशीन बिघडलं असं सांगा. मशीनला कोन काय बोलनार? मी मीठ घातला म्हटलं तर ती दारातसुदीक उभी करायची नाय, आनि इस्पितळात यायची तर नायच नाय."

हैबतराव चप्पल घालून निघाले.

एसटीत दोघं शेजारी बसले. मशीन बिघडलं, हे हैबतरावांनी तीन वेळा मनात म्हणून पाहिलं. वाक्य सोपं होतं. आणि ते म्हटलं की ती बाई येईलही. पण पुढच्या तुकड्यानंतर तिनं विचारलं, मशीन आता नीट झालं का, तर? खोट्याला खोटं जोडत ते किती लांब जाणार होते? शेजारी गुणाजी ताठ मानेनं समोर बघत होता.

बायजाबाईचं घर खाडीच्या बांधालगत होतं. ती ओट्यावर सुपात सुकट निवडत बसली होती. हाडाची मोठी, केस पांढरे, छातीवर पदर घट्ट ओढून घेतलेला.

"हे कोन?"

"रोह्याचे हैबतराव. लॅबोरेटरीतले."

"मंग बसा की. उभ्यानं काय, मतं मागाया आलाव? ती तर होऊन गेली." तिनं सूप जरा सरकवलं. "काय निघालं?"

हैबतराव बसले. "आक्का, तुकडा नीट दिसला नाही."

"का?"

मशीन हा शब्द जिभेवर आला. त्यांनी गुणाजीकडं पाहिलं. गुणाजी अंगणातच उभा होता, पायातली चप्पलही काढली नव्हती.

"मी घालवला, बाय," तो म्हणाला.

"काय घालवलास?"

"तुकडा. बर्फात मीठ घातला मी. गोठून फुटला तो."

बायजाबाईची बोटं सुपात फिरत राहिली. एक खडा निघाला, तो तिनं बाजूला टाकला.

"कुठला मीठ?"

"आपलाच."

"येड्या. म्हावरा होता का तो?"

गुणाजी खाली बघत होता.

"एकदाच बोल्लास."

"व्हय."

"डोक्यावं हात ठेवून बोल्लास."

"व्हय, बाय."

ती उठली आणि आत गेली. दोघं बाहेर राहिले. आत भांडी वाजली, मग वाजायची थांबली. हैबतरावांना वाटलं, आता ती दार लावून घेईल. आपण यायला नको होतं. टिपणीसबाईंनाच आणायला हवं होतं, त्यांना बोलता येतं. गुणाजी मात्र जागचा हलला नाही. ऊन तापलं होतं आणि त्याला ते लागत नसावं.

बरीच वाट पाहायला लावून ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तो हैबतरावांपुढं ठेवला आणि उभीच राहिली.

"परत कापला तर दिसल?"

"दिसेल."

"काय दिसल?"

"ते मला सांगता येणार नाही, आक्का. दिसेल, एवढं नक्की."

"बाकी सगले सांगतात, काय नाय निघनार. हा पन तेच सांगत व्हता."

"मला ते माहीत नाही."

तिनं हैबतरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "येते मी. पन तुकडा ह्यानं नेयाचा नाय. तुमी नेयाचा."

"बाय, मी नीट नेईन," गुणाजी पुढं आला. "आता मीठबीठ कायच नाय. फॉर्मेलिनमंदी—"

"तू गप. दुसऱ्यांच्या बायांचा बरोबर पोचवतोस. माझा असला की नको तेवढा कराया जातोस." मग जरा थांबून, "चप्पल काढ आनि वर ये. ऊन लागतंय."

त्याच आठवड्यात बायजाबाई पेणला आली. टिपणीसबाईंनी अभ्यासाचा विषयच काढला नाही. "ह्या वेळी जोडी नको. सरळ फॉर्मेलिन," म्हणाल्या. हैबतराव सकाळच्या एसटीनं पेणला जाऊन ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसले. गुणाजीची ड्युटी होती. तो येता जाता बाकापाशी थांबायचा, पुन्हा जायचा. नर्सनं बाटली बाहेर आणून दिली तेव्हा त्यानं दोन्ही हात पाठीमागं धरले होते. हैबतरावांनी ती पिशवीत ठेवली आणि पिशवी रोह्यापर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

काप या वेळी रेशमासारखे सुटले. हैबतरावांना त्याचा आनंद झाला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. बाईंनी काच लावली. त्यांना फार वेळ लागला नाही.

रिपोर्ट पोस्टानं गेला असता, सर्जनना फोनही झाला होता. पण हैबतराव तो घेऊन पेणला गेले. गुणाजी इस्पितळाच्या फाटकाशीच भेटला.

"हाय?"

"आहे. पण लहान आहे. बाई म्हणतात, आत्ता लगेच मुंबईला नेलंत तर काढून टाकता येईल."

गुणाजीनं फाटकाची सळई धरली. "आनि त्या दिवशी तुमी मशीन बोल्ला असता तर ती आली असती का?"

"आली असती, कदाचित."

"नाय. ती मना वलखते. मशीनवर तिनं इस्वास ठेवला नसता." मग म्हणाला, "आनि 'कायच नाय' लिहून घेतलं असतं तर बसली असती घरी. दिवाळीपर्यंत."

हैबतरावांनी रिपोर्ट त्याच्या हातात दिला.

पुढचं त्यांनी ऐकलेलं. गुणाजी नोकरी सोडून बहिणीबरोबर मुंबईला गेला. तिची एक बाजू काढली. काखेत काही पसरलं नव्हतं. परत आल्यावर तो धरमतरला धक्क्यावर कामाला लागला. बायजाबाई पुढं बरीच वर्षं होती, आणि भावाला ऐकवत होती, असं पेणहून येणारा कुणी सांगे. बाईंचा अभ्यासही पुरा झाला. तो हमाल काही गाठींत भरपूर निघाला, काहींत निघाला नाही, आणि त्याचा मुकादम त्यांनाही सापडला नाही. वाटेत खराब झालेल्या जोड्या त्यांनी मोजणीतून काढल्या. त्यामुळं बायजाबाईची जोडीही मोजणीत नाही.

हैबतराव आणि गुणाजी पुन्हा भेटले नाहीत. म्हणजे रिपोर्ट दिला, तीच शेवटची भेट. त्या दुपारी गुणाजी त्यांना रामवाडीच्या स्टँडपर्यंत सोडायला आला होता. रोह्याची गाडी लागलेली होती. हैबतराव पायरीवर चढले. काहीतरी बोलायला हवं, असं त्यांना वाटत होतं, तेवढ्यात तो खालूनच म्हणाला,

"भाऊ, डावीकडं बसा. उजवीकडं नागोठण्यापर्यंत ऊन येतं."

"बरं," हैबतराव म्हणाले. "बसतो."